कॅरेक्टर शीटवर आई कुठे लिहायची?

डंजन्स अँड ड्रॅगन्सची कॅरेक्टर शीट उघडा. ताकद, चपळाई, तग, बुद्धी, शहाणपण, छाप पाडण्याची क्षमता. सहा गोष्टींना सहा चौकटी. चिलखताचा आकडा लिहायला ढालीच्या आकाराची जागा. तलवारीने किती इजा होते त्याची ओळ. सोन्याची नाणी किती, चांदीची किती, तांब्याची किती, यांचे वेगवेगळे रकाने. पन्नास फूट दोर आणि दहा दिवसांचा शिधा लिहायलाही जागा आहे.

आता आई लिहा.

पहिल्या पानावर जागा नाही. पुढच्या पानावर 'बॅकस्टोरी' नावाची एक मोठी रिकामी चौकट असते, तिथे लिहा म्हणतात. लिहा की. आई, गाव, लहानपणी हरवलेला भाऊ, काय हवं ते लिहा. पुढची दोन वर्षं दर शनिवारी खेळलात तरी त्या चौकटीतल्या एकाही शब्दामुळे तुमच्या फाशाचा आकडा एकने वाढणार नाही की एकने कमी होणार नाही. दोर निदान विहिरीत उतरायला कामी येईल.

हा लेख त्या चौकटीच्या विरोधात आहे.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती (हल्ली बऱ्याचदा डिस्कॉर्डवर) बसतात. एक जण जग चालवतो. त्याला डीएम किंवा जीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी दार उघडते', 'मी त्याच्याशी खोटं बोलतो' असं सांगत गोष्ट पुढे नेतात. निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. 'स्ट्रेंजर थिंग्ज' आणि 'क्रिटिकल रोल'मुळे आपल्यातल्या अनेकांना हे पहिल्यांदा फोनवर दिसलं, आणि आता पुण्या-मुंबईच्या कॅफेंतही वीस बाजूंचे फासे घरंगळताना दिसतात. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपलं पात्र घडवायचं असतं. माझं भांडण त्या पायरीशी आहे.

माझं म्हणणं असं: पात्राला काय हवंय आणि ते कुणाकडून हवंय, हे नियमांत नसेल तर ते पात्र अर्धवट आहे. ती हत्यारांची यादी आहे, जिला नाव दिलंय. आणि 'ते खेळताना आपोआप येतं' असं जे सांगतात, ते बहुतेक वेळा टेबलावर सगळ्यात जास्त बोलणारे असतात. त्यांना ते आपोआप येतं. बाकीच्यांना येत नाही.

नोकर आधी आले

डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघंही वॉरगेम खेळणारे. टेबलावर छोटे शिपाई मांडायचे, मोजपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकून कुणाची तुकडी पडली ते ठरवायचं, असा तो छंद. १९७१च्या 'चेनमेल' या मध्ययुगीन लढायांच्या नियमपुस्तकाचा गायगॅक्स सहलेखक होता. नव्या खेळाने मोठी गोष्ट केली: खेळाडूच्या हातात तुकडीऐवजी एकच माणूस दिला. पण त्या माणसाचं वर्णन करायची भाषा तुकडीचीच राहिली. किती मारतो, किती मार खातो, एका फेरीत किती चालतो.

त्या पहिल्या नियमांत नात्याला आकडाच नव्हता असं समजू नका. होता. कॅरिस्मा किती, यावर ठरायचं की पात्र किती पगारी माणसं पदरी ठेवू शकेल आणि ती किती इमानी राहतील. म्हणजे या छंदाने अगदी सुरुवातीला मोजलेलं नातं मालक आणि नोकराचं आहे. मित्र मोजला नाही, बहीण मोजली नाही, सावकारसुद्धा नाही. गुहेत मशाल धरायला कोण येईल आणि ड्रॅगन दिसल्यावर पळणार नाही ना, एवढंच हवं होतं.

यासाठी गायगॅक्सला दोष देण्यात अर्थ नाही. लढाईच्या खेळातून निघालेल्या माणसाने लढाई मोजली. आपण मात्र पन्नास वर्षांनंतरही तीच शीट भरतो आणि वर म्हणतो, की मी कॉम्बॅटसाठी नाही हो खेळत, मी स्टोरीसाठी खेळते.

आई म्हणजे उणे गुण

पुढे लोकांना जाणवलं की पात्राला घरदार हवं. १९८१मध्ये 'चॅम्पियन्स' हा सुपरहीरोंचा खेळ आला, १९८६मध्ये स्टीव्ह जॅक्सनचं 'गर्प्स'. दोन्हींत पात्र गुण खर्चून घडवायचं. ताकद वाढवायची, गुण मोजा. खास शक्ती हवी, गुण मोजा. गुण कमी पडले तर एखादी उणीव पदरात घ्या, बदल्यात गुण मिळतात. आंधळेपणा, व्यसन, तापट डोकं. आणि याच यादीत, याच रांगेत, तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं! गर्प्समध्ये तर माणूस जितका जवळचा तितकी भरपाई जास्त. नुसती ओळख असेल तर थोडी, मित्र असेल तर अधिक, जिवाचं माणूस असेल तर मित्राच्या दुप्पट.

यामागचा तर्क वेडगळ नाही. कॉमिक्समध्ये स्पायडरमॅनची आन्ट मे खलनायकाच्या तावडीत सापडते, तेव्हा त्याला हातातलं सगळं सोडून धावावं लागतं. खेळात तो त्रास खेळाडूला होणार, म्हणून आधीच भरपाई. हिशेब चोख आहे.

पण हिशेबाच्या वहीत आई एकदा व्यसनाच्या शेजारी बसली की खेळाडू तिच्याकडे त्याच नजरेने बघायला लागतो. ती ओलीस धरली जाणारी वस्तू होते. ती रुसत नाही, पैसे मागत नाही, मुलाच्या धंद्याबद्दल तिला मत नाही. दर तीन सेशननंतर तिला कुणीतरी पळवतं आणि दर चार सेशननंतर ती सुटते. नातं दोन्ही बाजूंनी ओढतं, हे या नियमाला दिसतच नाही. त्याला फक्त वजन दिसतं, आणि तेही एकाच्याच पाठीवर.

अनाथांची टोळी

मग खेळाडू काय शिकतो? जे माणूस शीटवर लिहाल ते जीएम जाळणार. म्हणून लिहूच नका. गाव आधीच जळालेलं, आईबाप आधीच मेलेले, गुरूचा खून पहिल्या सेशनच्या आधीच उरकलेला. कुठल्याही नव्या टेबलावर चक्कर मारा, अनाथालयाचं स्नेहसंमेलन भरलंय असं वाटेल.

याला लोक कल्पनेचं दारिद्र्य म्हणतात. मला ती शुद्ध व्यवहारबुद्धी वाटते. जिथे नात्याने फक्त तोटा होतो तिथे शहाणा माणूस नाती ठेवत नाही. 'घिसंपिटं पात्र घेऊन आलास' म्हणून नवख्याला हसणाऱ्या जीएमने आधी आपल्या नियमपुस्तकाकडे बघावं.

अनाथाकडे उरते एकच प्रेरणा: सूड. प्रेरणा वाईट नाही, महाभारत तिच्यावर चाललंय. पण द्रौपदीचा सूड एवढा जळजळीत का, ते बघा. भर सभेत अपमान करणारे दीर आहेत आणि मान खाली घालून बसलेले नवरे. सूड ज्यांच्यावर उगवायचा आणि ज्यांच्याकरवी उगवायचा ते सगळे एकाच घरातले, एकाच सभेत हजर. हाच अपमान कुठल्याशा लांबच्या राक्षसाने केला असता तर ती एका मोहिमेची गोष्ट झाली असती. मोहीम फत्ते, गोष्ट संपली.

आपल्या टेबलावर नेमकं तेच होतं. चार खेळाडू, चार सूड, चार लांबचे राक्षस. जीएम रेशनच्या दुकानदारासारखा एकेकाला पुढे बोलावतो. आज चोराच्या गुरूचा खुनी सापडला, तेव्हा बाकीचे तिघे फोनमध्ये. पुढच्या शनिवारी पुजारणीच्या जळालेल्या देवळाची पाळी, तेव्हा चोर फोनमध्ये. नोकरी, कॉलेज, लोकल सगळं सांभाळून आठवड्यातून चार तास काढायचे, आणि त्यातले तीन दुसऱ्याचा सूड बघत बसायचे. पाच जणांना एकत्र बसवायचं कशाला मग? प्रत्येकाने आपापल्या घरी व्हिडिओ गेम खेळावा.

तक्ते आले, तक्ते गेले

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत डंजन्स अँड ड्रॅगन्सने या बाबतीत थोडं पाऊल टाकलं. प्रत्येक पात्राला एक बॅकग्राउंड: कुणी देवळातली सेवेकरी, कुणी गुन्हेगार, कुणी विद्वान. प्रत्येक बॅकग्राउंडसोबत चार तक्ते. स्वभावाचे आठ पर्याय; आदर्श, बंध आणि दोष यांचे सहा-सहा. फासे टाका किंवा निवडा. त्यानुसार चांगलं खेळलात तर डीएम 'इन्स्पिरेशन' देणार, ते वापरून एका वेळी दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा घ्यायचा.

कल्पना बरी. अंमल दोन ठिकाणी फसला. एक, इन्स्पिरेशन द्यायचं की नाही हे सर्वस्वी डीएमच्या आठवणीवर. सहा राक्षसांचे हिट पॉइंट सांभाळणारा डीएम तुमचा 'दोष' कधी लक्षात ठेवणार? दोन, बंध कुणाशी, तर टेबलावर नसलेल्या गोष्टींशी. एखादा ग्रंथ, एखादं देऊळ, मागे सुटलेलं गाव, न दिसणारा उपकारकर्ता. शेजारी बसलेल्या खेळाडूच्या पात्राशी बांधणारं तिथे जवळपास काही नाही.

मग यावर उपाय काय केला? २०२४च्या नव्या प्लेयर्स हँडबुकमध्ये बॅकग्राउंडसोबतचे ते तक्तेच काढून टाकले. आता बॅकग्राउंड निवडलं की ॲबिलिटी स्कोअर वाढतात आणि एक फीट मिळतं. म्हणजे तुम्ही कोणत्या घरात वाढलात याचा परिणाम तुमच्या दंडात दिसतो, मनात नाही. इन्स्पिरेशनचं नाव 'हिरोइक इन्स्पिरेशन' झालं, आणि पात्र मानववंशाचं असेल तर ते रात्रभर झोप काढली तरी मिळतं. दहा वर्षांपूर्वी निदान स्वभावाला धरून वागल्याबद्दल बक्षीस होतं. आता आठ तास झोपल्याबद्दल आहे.

जगातल्या सगळ्यात मोठ्या रोल-प्लेइंग गेमने पात्राच्या मनाचा रकाना पुन्हा खेळाडूवर सोडून दिला. काहींना हे स्वातंत्र्य वाटतं. मला ते अंग काढून घेणं वाटतं.

इच्छा दोघांच्या मध्ये असते

बरं, दुसरं काही शक्यच नसतं तर गोष्ट वेगळी. पण शक्य आहे, आणि लोकांनी ते करून दाखवलंय.

जेसन मॉर्निंगस्टारचं 'फियास्को' (२००९) घ्या. जीएम नाही, एका संध्याकाळचा खेळ. पात्र घडवताना आधी पात्र नसतंच. खेळाडू गोलात बसतात आणि प्रत्येक दोन शेजाऱ्यांच्या मध्ये एक नातं ठेवतात: माजी नवरा-बायको, धंद्यातले भागीदार, एकाच तुरुंगात राहिलेले. मग त्या नात्याला एखादी गरज, वस्तू किंवा जागा जोडायची. हे सगळं झाल्यावर तुम्ही कोण ते ठरतं: उजवीकडच्या नात्यात आणि डावीकडच्या नात्यात जो कुणी बसू शकेल तो. उजवीकडून भाऊ, डावीकडून चोरीतला साथीदार. झालं पात्र. 'गरज' इथे एका माणसाच्या शीटवर लिहिलेली नसते. ती दोघांच्या मध्ये टेबलावर पडलेली असते.

रॉबिन लॉजचं 'हिलफोक' (२०१३) आणखी नेमकं. तुमच्या पात्राला दुसऱ्या खेळाडूच्या पात्राकडून भावनिक असं काय हवंय, ते तुम्ही सांगायचं: मान, माफी, प्रेम, धाक. ते का मिळू शकत नाही, हे त्या दुसऱ्या खेळाडूने सांगायचं. बस्स. एवढ्या दोन वाक्यांत वर्षभर पुरेल इतकं भांडण तयार होतं आणि जीएमला एकही राक्षस काढावा लागत नाही.

२०१०चा 'स्मॉलव्हिल' तर नेहमीच्या सहा चौकटी फेकूनच देतो. एकाच गटात क्लार्क केंट आणि लोइस लेन हवेत. एकजण ट्रक उचलतो, दुसरी बातम्या लिहिते. ताकदीच्या आकड्यांत त्यांची बरोबरी कशी करणार? म्हणून फासे टाकायचे ते दोन गोष्टींवर: कर्तव्य, कीर्ती, न्याय, प्रेम, सत्ता, सत्य यांपैकी जे मूल्य पणाला लागलंय ते, आणि ज्या माणसासाठी किंवा ज्याच्याविरुद्ध तुम्ही हे करताय त्याच्याशी असलेलं नातं. प्रत्येक नात्यापुढे एक वाक्य लिहिलेलं असतं. त्या वाक्याबद्दल तुम्हालाच शंका आली तर तो क्षण खेळातला सगळ्यात जोरदार क्षण ठरतो, कारण त्या वेळी त्या नात्याचे फासे तिप्पट होतात आणि नंतर ते नातं एक पायरी उतरतं.

आणि 'डेल्टा ग्रीन' (२०१६). इथे तुम्ही लव्हक्राफ्टच्या जगातल्या भयंकर गोष्टी दडपून टाकणारे सरकारी एजंट. प्रत्येक जवळच्या माणसाशी असलेल्या बंधाला आकडा. काहीतरी अमानवी दिसलं आणि मन ढासळू लागलं की तुम्ही तो धक्का एखाद्या बंधावर ढकलू शकता. मन थोडं वाचतं, बंध तेवढाच घसरतो. मग ते कसं घडलं ते सांगायचं: बायकोवर का ओरडलास, मुलीचा वाढदिवस का विसरलास. इथे आई किंवा बायको ओलीस नाही, सूट नाही, सजावट नाही. तुम्ही जिवंत आहात ते तिच्या जिवावर, आणि हे शीटवर खोडरबराच्या डागांसकट दिसत राहतं.

तीन आक्षेप

पहिला: 'चांगल्या खेळाडूंना असल्या नियमांची गरज नसते.' ठीक. मग चांगल्या खेळाडूंना तलवारीच्या नियमांची तरी गरज का? तेही छान वर्णन करून सांगता येईल की. पण तिथे कुणी असं म्हणत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे की ज्या गोष्टीला नियम असतात तिला टेबलावर वेळ मिळतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. असे अर्धा मिनिट खेळायला आपण तास घालवतो आणि बाप-लेकीची भेट 'बरं, तुम्ही बोललात, पुढे?' म्हणून दोन मिनिटांत उरकतो. नियमपुस्तकात जागा कशाला दिली आहे, यावरून खेळ कशाबद्दल आहे ते कळतं. मागच्या कव्हरवर काय लिहिलंय त्यावरून नाही.

दुसरा: 'नात्याला आकडा लावला की नातं स्वस्त होतं.' हे आपण म्हणावं? ज्यांच्या घरी लग्नात एक काका कोपऱ्यात वही घेऊन बसतात आणि कुणी किती आहेर केला ते पै-पैशासकट लिहून ठेवतात? त्या वहीमुळे नाती स्वस्त झाली नाहीत. उलट वीस वर्षांनी ती वही उघडून 'त्यांनी आपल्या ताईला साडी दिली होती, आता त्यांच्या मुलाला त्याहून कमी कसं द्यायचं' अशी चर्चा होते, तेव्हा नात्याचं वजन कळतं. आकडा नात्याची जागा घेत नाही. तो आठवण ठेवतो. सहा राक्षस सांभाळणाऱ्या डीएमला आठवणीचीच तर गरज आहे.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे: 'माझ्या पात्राला काय वाटतं हे फासे कोण सांगणार?' ग्रेग स्टॅफर्डच्या 'पेंड्रॅगन'मध्ये (१९८५) फासे खरंच सांगतात. राजा आर्थरच्या सरदारांचा हा खेळ. शौर्य-भित्रेपणा, क्षमा-सूड अशा गुणांच्या तेरा जोड्या, प्रत्येक जोडीची बेरीज वीस. एखादा गुण सोळा किंवा त्याहून जास्त झाला की त्याची चाचणी द्यावी लागते आणि निकालाप्रमाणे वागावं लागतं. शिवाय प्रेम, निष्ठा, द्वेष यांनाही आकडे. पेंड्रॅगन थोर खेळ आहे. दर हिवाळ्यात घरी परतून लग्न, मुलं, जमीन यांचे फासे टाकायचे आणि सरदार मेला की त्याच्या वारसाला घेऊन पुढे खेळायचं, ही त्याची रीत अजून कुणी फारशी ओलांडलेली नाही. पण फाशाने पात्राचं मन परस्पर ठरवणं सगळ्यांना मानवणार नाही, आणि मानवू नये.

विशेषतः मुलींना. कुणीतरी कॅरिस्माचा फासा टाकतो, वीस पडतात आणि म्हणतो, 'चला, आता तुझी पुजारणी माझ्या प्रेमात.' टेबलावर हशा, आणि त्या मुलीने हसायचं की उठून जायचं? असं घडतं तेव्हा लोक म्हणतात, बघा, म्हणून नात्यांना नियम नकोत. नीट बघा. हे घडलं कारण नियम नव्हता. लढाईचा फासा उचलून नात्यात वापरला गेला. 'हिलफोक'मध्ये हेच मागणं नियमात येतं: एक पात्र मागतं, दुसरं देतं किंवा नाकारतं. नाकारलं तर मागणाऱ्याला एक टोकन मिळतं, दिलं तर देणाऱ्याला. नकार हा खेळातला वैध डाव आहे, त्याची किंमत ठरलेली आहे आणि तो कुणी फाशाने उलटवू शकत नाही. मनावर हुकूम चालवणारा नियम वेगळा आणि मनाला किंमत विचारणारा नियम वेगळा. मला दुसरा हवाय.

तू की तुम्ही

आता आपल्या टेबलाकडे येऊ. माझ्या पाहण्यातले बरेच गट मराठी घरांतल्या मुलामुलींचे आहेत आणि खेळतात इंग्रजीत, कारण पुस्तकं इंग्रजीत. लढाई चालू असेपर्यंत सगळे सारखे. 'आय अटॅक' कुणालाही म्हणता येतं. भावनिक प्रसंग आला की ज्याचं इंग्रजी सफाईदार तो बोलतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. नियम नसलेल्या जागेवर कुणाचं राज्य येतं, त्याचं हे उत्तर. प्रत्येकाच्या हातात आधीच लिहिलेलं एक वाक्य असेल, 'मला तुझ्याकडून माफी हवी आहे', तर ते वाक्य बोलायला फाड-फाड इंग्रजी लागत नाही.

आणि मराठीत खेळलात तर एक नियम फुकट मिळतो. इंग्रजीत 'यू' म्हटलं की सुटलात. मराठीत पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं की ठरवावं लागतं: तू की तुम्ही? अरे की अहो? पंचविशीतली सरदारीण आणि तिच्या वडिलांच्या काळापासून चाकरीत असलेला म्हातारा शिपाई. ती त्याला 'काका, तुम्ही' म्हणते की 'ए, तू'? तो तिला 'बाईसाहेब' म्हणतो की चुकून 'बाळ'? उत्तर दिलंत की त्यांचा अख्खा इतिहास ठरला, बॅकस्टोरीची चौकट न भरता.

शिवाय हे बदलतं. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं हा गोष्टीतला प्रसंग असतो. उलटं तर जास्तच. इतकी वर्षं अरे-तुरे करणारा मित्र एखाद्या दिवशी थंडपणे म्हणाला, 'तुम्ही बसा, आम्ही निघतो', तर टेबलावरच्या प्रत्येकाला कळतं की काहीतरी तुटलं. कुठल्याही फाशाशिवाय. ही सोय भाषेत रोजच्या वापरात पडलेली असताना ती बाजूला ठेवून 'यू'ने खेळणं म्हणजे घरात विहीर असताना टँकर मागवण्यासारखं आहे.

तर मग करा काय

नवं पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. आहे तोच खेळ खेळा, शीटच्या मागे चार ओळी वाढवा. पाच जणांत दहा जोड्या होतात, त्या सगळ्या भरू नका. गोलात बसा आणि प्रत्येकाने फक्त उजवीकडच्या शेजाऱ्याचा विचार करा.

पहिली ओळ: तुमच्या पात्राला शेजाऱ्याच्या पात्राकडून काय हवंय? सोनं, तलवार, नकाशा चालणार नाही. जे चोरून घेता येत नाही, दुसऱ्याने मनाने दिलं तरच मिळतं, असंच काही: माफी, शाबासकी, परवानगी, खरं काय घडलं ते.

दुसरी ओळ: ते अजून का दिलेलं नाही? ही शेजाऱ्याने लिहायची. तुम्ही नाही.

तिसरी ओळ: तुम्ही एकमेकांना काय म्हणता? तू, तुम्ही, नाव, आडनाव, ताई, मास्तर. दोघांचं वेगळं असेल तर उत्तम.

चौथी ओळ म्हणजे दात. प्रत्येक सेशनमध्ये एकदा, त्या हव्या असलेल्या गोष्टीपायी काही करत असाल तर दोन फासे टाका आणि मोठा आकडा घ्या. डीएमची परवानगी लागणार नाही. पण वापरलंत, की सेशन संपताना दोघांनी मिळून पहिल्या तीन ओळींतली एक तरी बदलायची. नातं वापरलं की ते होतं तसं राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि या सगळ्याच्या आधी एक: कुठल्याही ओळीला कुणीही, कारण न देता, 'हे नको' म्हणू शकतं. प्रेमाबिमाचं असेल तर दोघांचा स्पष्ट होकार, नाहीतर दुसरी ओळ लिहा.

एवढं करायला अर्धा तास लागतो. जादूच्या मंत्रांची यादी निवडायला यापेक्षा जास्त लागतो, आणि त्याची कुणी तक्रार करत नाही. पुढच्या शनिवारी बॅकस्टोरीची चौकट कोरी ठेवा. आई तिथे लिहू नका. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला विचारा, तू माझी आई होशील का? आणि ती हो म्हणाली तर लगेच पुढचा प्रश्न: मग माझ्यावर कशासाठी चिडली आहेस?